अपक्षाला मत देण्यापूर्वी

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलेस की मे 2027 मध्ये तुमच्या वेल्समधल्या पॉविस कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कौन्सिलची निवडणूक आहे, तुझ्या वॉर्डातून एक मेंढपाळ शेतकरी अपक्ष म्हणून उभा राहणार आहे, आणि पक्षांच्या भानगडीत पडायला नको म्हणून तू डोळे मिटून त्यालाच मत देणार आहेस. जिल्हा परिषदेच्या कचेरीत माझी उभी हयात गेली असल्यामुळे यातले ‘डोळे मिटून’ तेवढे मला खटकले, म्हणून हे पत्र.

मुळात तुला तिथे मत आहे, याचेच मला अप्रूप वाटते. पासपोर्ट भारताचा असला तरी आपण राष्ट्रकुलातले असल्यामुळे, कायदेशीर वास्तव्य असेल तर मतदारयादीत नाव घालता येते. वेल्समध्ये 2022 पासून कौन्सिलच्या निवडणुकीत सोळा वर्षांची मुलेही मतदान करतात. तुझे नाव यादीत आहे का, हे आधी पाहून घे. आपल्याकडे यादीत नाव नसल्याचे मतदानाच्या सकाळी केंद्रावर कळणारी माणसे मी दर निवडणुकीत पाहिली आहेत.

आता मुद्द्याचे. पॉविस म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ पाव वेल्स, पण लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर. ब्रेकन, रॅडनर आणि माँटगोमेरी असे तीन जुने परगणे 1974 मध्ये एकत्र करून ही कौंटी झाली, आणि पुढे कित्येक वर्षे तिथे अपक्षांचाच वरचष्मा होता. 2017 मध्ये त्यांचे बहुमत गेले, तेव्हा त्यांनी हुजूर पक्षाला बरोबर घेऊन कारभार केला. 2022 मध्ये 68 जागांपैकी लिबरल डेमोक्रॅट 24, अपक्ष 17, हुजूर पक्ष 14, मजूर पक्ष 9, प्लाइड कमरी (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष) 3 आणि ग्रीन 1, असा निकाल लागला. बहुमताला 35 लागतात. लिबरल डेमोक्रॅट आणि मजूर पक्ष यांनी आघाडी केली; बेरीज केलीस तर 33 भरते. दोन कमी! तरीही लिबरल डेमोक्रॅटांचे जेम्स गिब्सन-वॉट कौन्सिलचे नेते झाले आणि कॅबिनेट त्या दोन पक्षांचेच बनले, म्हणजे अपक्षांची संख्या दुसऱ्या क्रमांकाची असूनही ते बाहेर राहिले. सभागृहात हजर असणाऱ्यांच्या बहुमतावर ठराव होत असल्याने, विरोधकांपैकी कोण गैरहजर राहतो आणि कोण तटस्थ राहतो, यावर अशा आघाडीचा जीव असतो. आमच्या वेळी अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सदस्यांना ‘सहली’ला नेऊन ठेवत, त्यामागेही हेच गणित असे.

अपक्ष म्हणजे एकटा, हा तुझा समज मला चुकीचा वाटतो. तिथे दोन सदस्यसुद्धा मिळून गट नोंदवू शकतात, आणि समित्यांमधल्या जागा गटांच्या संख्येच्या प्रमाणात वाटायच्या, असा 1989 चा कायदा आहे. त्यामुळे निवडून आलेला अपक्ष बहुधा कोणत्या ना कोणत्या गटात जाऊन बसतोच. कॅबिनेटला मात्र ते प्रमाण लागू नाही. नेता ज्यांना घेईल ते आत. लहान गावातली शाळा चालू ठेवायची की दुसऱ्या शाळेत विलीन करायची, वृद्धांची घरपोच सेवा किती ठेवायची, असले निर्णय जिथे होतात तिथपर्यंत तुझा शेतकरी पोचेल की नुसती छाननी समितीत प्रश्न विचारत बसेल, हे त्याच्या भलेपणावर ठरत नाही, तर तो कोणत्या गटात बसतो आणि तो गट कोणाशी हातमिळवणी करतो यावर ठरते. पक्षाच्या उमेदवाराचे एवढे तरी बरे की, पक्षाच्या नावावरून त्याच्या बाजूचा साधारण अंदाज करता येतो.

माझे म्हणणे त्याला मत देऊ नकोस असे नाही. विनाविरोध निवडून येणाऱ्यांची संख्या वेल्समध्ये 2022 ला 70हून अधिक होती; अशा ठिकाणी कोणी स्वतःहून उभा राहतो आणि दारात येतो, याची मला कदरच आहे. पण तो दारात आला की चहा दे आणि विचार: निवडून आलात तर कोणत्या गटात बसणार? आघाडी करायची वेळ आली तर कोणाशी करणार, आणि कोणाशी काही झाले तरी नाही? अर्थसंकल्पाच्या दिवशी कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) वाढवायचा प्रस्ताव आला तर हात वर कराल का? ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ असे म्हणाला, तर आमच्याकडे त्याचा अर्थ ‘अजून बोली लागायची आहे’ असा होत असे. तुमच्याकडे कदाचित तो खरोखरच विचार करत असेल, ते तू त्याच्या चेहऱ्यावरून ताड.

तुझी आई म्हणते, बाबांना रिटायर होऊन इतकी वर्षे झाली तरी कचेरी सुटत नाही. तिकडे थंडी फार असेल, स्वेटर वापर. तो शेतकरी काय म्हणाला, ते पुढच्या रविवारी नक्की कळव.

तुझे
बाबा