दौऱ्याआधी वाचून ठेव

दादर, मुंबई

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

धनत्रयोदशीला नागपूर, पाडव्याला इथे पार्ल्याच्या मैदानात दिवाळी पहाट आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी रत्नागिरी, असा दौरा ठरल्याचं बाबांकडून कळलं. फोनवर हे सगळं सांगायला गेले तर तू ‘हो आई, हो आई’ करून ठेवून देशील, म्हणून लिहून पाठवतेय. तबल्यावर काय वाजवायचं ते तुझ्या गुरुजींनी शिकवलंय, त्यात मी पडत नाही. हे बाकीच्या गोष्टींचं पत्र आहे, आणि त्यातली पहिली गोष्ट हवा.

चामड्याने ओल धरली की ते सैलावतं आणि तबल्याचा सूर उतरतो. कोरड्या हवेत ते आवळतं आणि तबला चढतो. शास्त्र एवढंच, पण दौऱ्यातली निम्मी फजिती त्यातूनच होते. तुझी तीन गावं म्हणजे तीन हवा आहेत. मुंबईतल्या दमट खोलीत काळी एकला (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेला तबला रात्रभर एसी डब्यातून गेला की नागपुरात केस उघडताच पांढरी दोनकडे झुकलेला सापडेल. तो लगेच ठोकून खाली आणायला जाऊ नकोस. चामडं अजून त्या हवेशी जुळवून घेत असतं. आत्ता लावलेला सूर तासाभरात पुन्हा सरकतो, आणि दोन-तीनदा अशी ठोकाठोक झाली की गजरा, म्हणजे कडेची चामडी वेणी, दुखावतो. हॉलवर पोचल्यावर केस उघड, तबला-डग्गा स्टेजवर तुझ्या जागेवरच ठेव, एसी चालू करायला सांग आणि चहा पिऊन ये. जुन्या नाट्यगृहांत अजून हॅलोजन दिवे असतात. ते लागले की पंधरा-वीस मिनिटांत तबला चढतो, म्हणून शेवटचा सूर प्रकाशवाल्याने कार्यक्रमाचे दिवे लावल्यावरच लाव. एलईडी दिव्यांचा हा त्रास कमी.

फरक अर्ध्या सुराहून जास्त असेल तर गजऱ्याला हात लावू नकोस, आधी गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) सरकव. आठही गठ्ठे सारखेच, एका वेळी थोडे: एक मारला की त्याच्या समोरचा, मग काटकोनातले दोन. चढवायचा तर गठ्ठा खाली, उतरवायचा तर वर. जवळपास आला की मग गजरा. वरून मारलं की सूर चढतो, खालून मारलं की उतरतो. चामडी पट्ट्यांमधली सोळाही घरं एकेक करून चाटेवर, म्हणजे तोंडाच्या कडेवर, ऐक. एखादं घर खोटं बोलत असेल तर बहुतेक वेळा दोष त्याच्या समोरच्या घरात सापडतो, हे विसरू नकोस. हातोडीचा घाव गजऱ्याच्या वेणीवर बसला पाहिजे. तो चाटेवर घसरला तर पुडी (तोंडावरचं चामडं) कापली जाते, आणि दौऱ्यात नवी पुडी बसवणं म्हणजे रुळलेला आवाज घालवणं.

तबला लावायचा तो पेटीला. मोबाइलमधला तानपुरा बरोबर ४४० हर्ट्झ धरून चालतो, पण जुनी पेटी चार-आठ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) इकडेतिकडे असतेच, आणि स्टेजवर ती सरकवता येत नाही. पेटीवाल्याकडून षड्ज (सा) घे, ॲपमधला तानपुरा सेंटने सरकवून त्याला मिळव, मग तबला. याच्या उलट क्रमाने गेलास तर दोन तास तिघे तीन सुरांत बसाल.

आता कोणते तबले न्यायचे ते. तुमचा गायक काळी एकचा आणि गायिका काळी चारची. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एकच, त्यामुळे साडेपाच इंची तोंडाचा एक तबला दोघांना पुरतो: त्याला षड्ज, तिला मध्यम. निघताना सगळे एवढ्यावर खूश असतात. पण तिच्या यादीत यमनातलं गाणं असलं की तीव्र मध्यमाशी तुझा शुद्ध मध्यम भांडतो, आणि भूपातल्या गाण्यात तर मध्यम मुळात नाहीच. तिथे पंचम हवा, म्हणजे काळी दोन. त्यासाठी सव्वापाचचा दुसरा तबला आधीच लावून शेजारी ठेव. एकच तबला गाण्यागणिक एका सुराने वरखाली करणाऱ्यांचा तबला मध्यंतरापर्यंत कुठलाच सूर धरत नाही.

निवेदक बोलतो तो तुझा सूर तपासायचा वेळ. साऊंडवाल्याशी आधी खूण ठरव, म्हणजे तो तेवढ्यापुरता तुझा माइक बंद करेल आणि निवेदनात ठकठक येणार नाही. त्यासाठी कार्यक्रमाचा क्रम तुझ्या समोर कागदावर हवा. मोबाइलवर नको, तो नेमका झोपतो. दर गाण्यापुढे पट्टी, ताल, सुरुवात कोण करणार, मधले वाद्यांचे तुकडे, एम-वन आणि एम-टू, किती आवर्तनांचे, आणि शेवट तिहाईवर (तोच बोल तीनदा) की लय टाकून, एवढं लिही. अभंगापुढे नुसतं ‘भजनी’ लिहून भागत नाही. टाळकरी असतील तर दुगुनीत (दुप्पट लयीत) कुठे जायचं ते त्यांच्याशी बोलून घे, कारण लय वाढवण्याचा मान ते तुला देणार नाहीत.

पहाटेचा कार्यक्रम सगळ्यात अवघड. लोकांना उटणं आणि फराळ आठवतो, वादकाला दव. उघड्या मैदानात पाच वाजता मांडलेला डग्गा सहापर्यंत असा बसतो की घुमारा निघतच नाही, नुसती थप थप येते. तबला निदान ठोकून वर नेता येतो, डग्ग्याला तेवढी सोय नाही. तेव्हा दोन्ही शेवटच्या क्षणापर्यंत गादीच्या खोळीत गुंडाळून ठेव आणि डग्ग्याची पुडी घरूनच नेहमीपेक्षा थोडी ताणून आण. हेअर ड्रायर बॅगेत असू दे, पण हातभर अंतरावरून, फिरता ठेवून, पुडीच्या मैदानावर (काळी शाई आणि चाट यांच्या मधल्या चामड्यावर) आणि चाटेवरच. शाईवर गरम झोत धरलास तर तिला भेगा जातात, आणि मग खपल्या निघायला वेळ लागत नाही. कोरड्या गावात याच्या उलट: डग्गा टणटणायला लागला तर तळहात किंचित ओला करून मैदानावरून फिरव, शाईला पाणी लागू देऊ नकोस. आणि हिवाळ्यात नागपुरात बोटांना भेगा पडतात म्हणून वाजवण्याआधी खोबरेल चोळू नकोस. ते पुडीत मुरतं आणि तेवढी जागा कायमची मुकी होते. तेल रात्री झोपताना. स्टेजवर टाल्कम पावडर, तीही चिमूटभर.

पहाटेची आणखी एक गोम आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सरकार वर्षातून मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट देतं, पण ती पहाटेच्या कामाची नाही. म्हणजे साडेपाचला मोठ्या स्पीकरवर साऊंड चेक होणार नाही. तो आदल्या संध्याकाळीच उरकायचा, आणि साऊंडवाल्याला सगळ्या बटणांचा फोटो काढून ठेवायला सांगायचं. रत्नागिरीलाही हॉलची वेळ पाळावी लागते. सत्कार लांबले तर गाणी कापली जातात, म्हणून कोणती दोन गाळायची हे आधीच ठरलेलं असू दे. पावणेदहाला भैरवी लागलीच पाहिजे.

साऊंड चेकला सगळ्यात आधी जा. बहुतेक ठिकाणी तुला शुअर एसएम५७ हा माइक मिळेल, आणि तबल्याला तो चांगलाच आहे. वीतभर अंतरावर, तोंड शाई आणि चाट यांच्या मधल्या भागाकडे, हाताच्या वाटेत न येता. फार जवळ आणलास तर या माइकांचा खालचा आवाज फुगतो. तबल्यावर तो कदाचित आवडेल, डग्ग्यावर मात्र सगळं भोपळ्यासारखं घुमायला लागतं. मिक्सरवर लो-कटचं (खालचे सूर कापणारं) बटण असतं, साधारण ८० किंवा १०० हर्ट्झचं. तबल्याच्या माइकला ते लावलेलं चालतं. डग्ग्याच्या माइकला लागलेलं असेल तर काढायला सांग, नाहीतर तुझी मींड, म्हणजे डग्ग्याचा घसरता सूर, कापली जाईल आणि तू उगाच हात दाबत बसशील. कंडेन्सर माइक दिला तर त्याला मिक्सरमधून लागणारे ४८ व्होल्ट चालू आहेत का ते विचार. ‘माइक मेलाय’ म्हणून वायरी बदलत बसतात, आणि बटण मात्र बंदच असतं. लाकडी पोकळ स्टेजवर डग्ग्याचा माइक घूं करतो, कारण पावलांचा आणि मॉनिटरचा हादरा स्टँडमधून वर चढतो. स्टँडखाली सतरंजीची घडी घाल. मॉनिटरमध्ये गाणाऱ्याचा आवाज माग, पेटी माग, तानपुरा थोडा. स्वतःचा तबला जवळजवळ नकोच. जो वादक स्वतःला मोठ्याने ऐकतो तो हळू वाजवतो, आणि प्रेक्षकांपर्यंत काहीच पोचत नाही.

कानांचंही बघ. ८५ डेसिबलला ८ तास हा सुरक्षिततेचा मापदंड आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. ड्रम सेट आणि बेसशेजारी बसवलं तर तू सहज तिथे असतोस. वादकांचे इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात. कापसाचे बोळे घालू नकोस, त्यांनी फक्त वरचे सूर जातात आणि तू चाट जोरात मारायला लागतोस.

प्रवासात तबला डिकीत ठेवायचा नाही. उन्हात उभ्या गाडीत पुडी गजऱ्याजवळ फाटते, विदर्भात मे महिन्यात तर हमखास. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक, पण नागपूरला जाताना काढ आणि रत्नागिरीला जाताना घाल. लोकलमधून नेणार असशील तर लगेजच्या डब्यात चढ. गर्दीच्या वेळी साध्या डब्यात केस घेऊन चढलास तर शिव्या खाशील, आणि त्या योग्यच असतील. रेल्वेत केस खालच्या बर्थखाली, साखळीने बांधून, दारापासून लांब. पुढेमागे विमानाने जायची वेळ आली तर लक्षात ठेव: देशातल्या विमानांत साधारण १५ किलो खाली आणि ७ किलो हातात, आणि दोन तबले, एक डग्गा व फायबरची केस मिळून पंधराची रेघ गाठतात. हातोडी खालच्या सामानात, ती हातात नेऊ देत नाहीत. पॉवर बँक मात्र हातातच, ती खाली चालत नाही. नागपूरहून कुणी रात्रीच समृद्धीवरून गाडीने परत निघूया म्हणालं तर नाही म्हण. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, कार्यक्रमानंतर त्यावर ड्रायव्हरचा डोळा लागतो.

पैशाचं थोडक्यात. सुपारी घेताना बिदागी, प्रवास, राहणं, जेवण आणि जादा कार्यक्रम झाला तर काय, हे एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहून घे आणि समोरून ‘ओके’ येऊ दे. तोंडी काही ठेवायचं नाही, ओळखीच्या माणसाशी तर अजिबात नाही. १० टक्के टीडीएस कापला तर पॅन बरोबर दिलाय ना ते बघ आणि प्राप्तिकराच्या वेबसाइटवर रक्कम दिसेपर्यंत पाठ सोडू नकोस. शास्त्रीय आणि लोककलेच्या सादरीकरणाला दीड लाखापर्यंतच्या बिदागीवर जीएसटी माफ आहे. सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम त्यात बसतोच असं धरून चालू नकोस, सीएला विचार.

जेवण कार्यक्रमाआधी तीन तास, तेही नागपूरचं झणझणीत सावजी नव्हे. ते दुसऱ्या दिवशी दुपारी खा, कुणी अडवणार नाही. वाजवून झाल्यावर मनगटं एकदम थंड पाण्यात घालू नकोस. दहा मिनिटं मोकळी सोड, खांदे फिरव. केस उजव्या हातानेच उचलायची तुझी सवय मोड, तोच हात दोन तासांनी चाटेवर लागणार असतो.

सव्वापाचचा तबला माझ्याकडे आहे, पुडी चांगली रुळलेली आहे. विदर्भ एक्स्प्रेसचा डबा आणि सीट नंबर कळव, म्हणजे सीएसएमटीला गाडी लागली की आणून देते. त्याचा एक गठ्ठा थोडा झिजलाय आणि सरकतो, त्याच्याखाली कागदाची घडी घातली आहे. ती काढून टाकू नकोस.

तुझी,
आई