विषय: 'वॉटरप्रूफ' सीट बॅगेत साठलेलं पाणी आणि परस्पर बंद केलेली माझी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी पाचव्यांदा फोन केला. बावीस मिनिटं तुमची बासरी ऐकली, फोन कट झाला आणि लगेच मेसेज आला: 'आपल्या शंकेचे समाधान झाल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे.' समाधान कुणाचं झालं तेवढं कळवा.

तुमची सायकलच्या सीटमागं बांधायची चौदा लिटरची सीट बॅग मी मे महिन्यात ४,७९९ रुपयांना घेतली. बिल सोबत आहे. जुलैत ती लावून दोन दिवसांच्या फेरीला निघाले. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून खाली मुक्काम. दुसऱ्या दिवशी कणकवली, तळेरे, वैभववाडी करत करूळ घाटानं गगनबावडा चढायचा आणि घरी. पाऊस लागणार हे ठाऊक होतं. पाऊस लागणार म्हणूनच वॉटरप्रूफ बॅग घेतली होती.

दाजीपूरच्या अलीकडं पावसानं झोडपायला सुरुवात केली आणि सायकल मागून जड लागायला लागली. मला वाटलं चढ आहे, नाहीतर माझं वय. घाटाच्या उतारावर मागं काहीतरी डुचमळतंय असं वाटलं म्हणून थांबून बॅग हातानं दाबली, तर आत घागरीसारखा आवाज. तोंडाची गुंडाळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन वेढ्यांची होती आणि तिथून थेंब आत गेला नव्हता. पाणी शिरलं पोटातून, मागच्या चाकाच्या अगदी वर, जिथं टायर खालून सतत चिखलपाणी मारतो. ते साठलं सीटपोस्टकडच्या, म्हणजे सीटच्या दांड्याकडच्या निमुळत्या टोकात, कारण बॅगेचं तेच टोक खाली असतं. तिथून बाहेर पडायला वाट नाही. आमच्या राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात. शंभर वर्षांपूर्वी पाया घातलेल्या धरणाला जे जमतं ते तुमच्या बॅगेला जमत नाही.

आत काय होतं तेही लिहिते. पिसांची स्लीपिंग बॅग भिजलेल्या कोंबडीएवढी झाली होती. कोरडे म्हणून ठेवलेले कपडे पिळून घातले. भडंगाचा लगदा झाला.

घरी आल्यावर बॅग उलटी केली. जाहिरातीत तुम्ही 'वेल्डेड सीम' लिहिलंय, म्हणजे सुईची शिवण नाही, कापड वितळवून केलेला जोड. वेल्डिंग तोंडापाशी आहे, लोकांना दिसतं तिथं. तळाला सरळ सरळ मशीनची शिवण आहे आणि तिच्यावर आतून टेप चिकटवलीय. ती टेप टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी नखानं सुटली, वीतभर. खाली सुईची भोकं एकेक करून मोजता येतात. तुम्ही आयपीएक्स ६ हा पाणी आत न शिरण्याचा दर्जा छापलाय. त्या चाचणीत मिनिटाला १०० लिटरचा झोत चहूबाजूंनी मारतात. तो झोत ह्या टेपेवर कुणी आणि कधी मारला? फोटो जोडलेत. तुमचा माल तुम्हाला माहीत असेल असं समजून जास्त समजावत बसत नाही.

पट्ट्याचंही तेच. ओला झाला की बकलातून हळूहळू सरकतो. दुसऱ्या दिवशी तळेऱ्याच्या पुढं बॅग टायरवर टेकली आणि तळाला रुपयाएवढं भोक पडलं.

ब्रेकबद्दल मी कुणालाही बोललेले नाही, हेही नोंदवा. रेझीनचे पॅड ओल्या वाळूत साबणासारखे झिजले, ती चूक माझी, सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे घ्यायला हवे होते. माझं ते माझं, तुमचं ते तुमचं.

आता चौथा फोन. तो मी जन्मात विसरणार नाही. तुमच्या प्रतिनिधीनं विचारलं, "मॅडम, बॅग पावसात वापरली होती का?"

मी म्हटलं, "हो."

"किती वेळ?"

"आठ तास."

"सलग आठ तास, मॅडम?"

"मधे चहाला थांबले होते."

टायपिंगचा आवाज. खरंच 'चहा' लिहून घेतलं की काय कोण जाणे. मग म्हणाले, "मॅडम, ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, अहो, बॅगेवर वॉटरप्रूफ लिहिलंय, अंगठ्याएवढ्या अक्षरात. तर म्हणाले, "त्यासाठी आमचं रेन कव्हर आहे, ६९९ रुपये, ते घेतलं असतं तर प्रॉब्लेम आला नसता." वॉटरप्रूफ बॅगेला रेन कव्हर! उद्या छत्रीवर धरायला छत्री विकाल. आणि फोन ठेवताना, मी न विचारता: "एवढ्या पावसात एकट्यानं सायकलवर जायची काय गरज होती, मॅडम?"

गरज काय होती ते माझ्या आईनंसुद्धा विचारलं नाही. तुम्ही कोण?

फोंड्यात एका खताच्या दुकानदारानं युरियाच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी फुकट दिली. म्हणाला, "बाय, हेच्यात घाला. खत भिजणा नाय, कपडे कशे भिजतले?" दुसऱ्या दिवशी करूळ घाटात आदल्या दिवसापेक्षा जास्त पाऊस होता. पिशवीत घातलेले कपडे, जे रात्रभर चुलीशी वाळवले होते, कोरडे राहिले. तुमच्या ४,७९९ च्या बॅगेत, फुकटच्या पिशवीत.

मला बॅगेचे पूर्ण पैसे परत हवेत. बदली बॅग नको, त्याच टेपेची दुसरी घेऊन काय करू? बॅगेवर वॉटरप्रूफ लिहिलंय, पुन्हा सांगते. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आणि त्यानंतर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते तिथंच दावा लावता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. वेळ माझ्याकडे भरपूर आहे, अजून सप्टेंबरपर्यंत पाऊस आहे.

वाईट याचं वाटतं की तुमची हँडलबार बॅग गेली तीन वर्षं मी वापरतेय आणि ग्रुपमधल्या चौघांना मीच घ्यायला लावली. ती खरोखर वेल्डेड आहे. म्हणजे तुम्हाला येतं, करायचं नव्हतं.

बॅग तुम्हाला पाठवत नाही, पुरावा आहे. माणूस पाठवा, गॅलरीत उलटी टांगलीय.

आपली (पंधरा दिवसांपुरती) ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. रेन कव्हरची लिंक मेसेजवर आली. नको.