‘कॅसेट जुनी आहे’ हे उत्तर मान्य नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
यूएसबी व्हिडिओ कॅप्चर यंत्राचे आयातदार व विक्रेते

विषय : जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या कॅप्चर यंत्राचा ड्रायव्हर (यंत्र विंडोजला जोडून देणारा प्रोग्रॅम) व सोबतचे सॉफ्टवेअर सदोष असल्याबद्दल, दुरुस्ती अथवा पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या मदत केंद्राकडून ईमेलने आलेली तीन उत्तरे.

महोदय,

तिन्ही उत्तरांचा मथितार्थ एकच : कॅसेट जुनी आहे, व्हीसीआरचे हेड साफ करा, रॅम वाढवा, आणि तरीही नाही जमले तर विंडोज नव्याने टाका. हेड साफ केले. नुकतेच विंडोज टाकलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही यंत्र लावून पाहिले. दोष जिथल्या तिथे आहे. तो नेमका कुठे आहे ते मोजमापांसह खाली लिहीत आहे. हे पत्र फोनवर साचेबंद उत्तरे देणाऱ्यांकडे न ठेवता, ड्रायव्हरचे काम पाहणाऱ्या माणसापर्यंत पोचवावे ही विनंती.

चाचणीची मांडणी अशी. घरगुती कॅमेऱ्यावर काढलेल्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, ई-१८० (तीन तासांची), पाल (भारतातली टीव्ही-चित्राची पद्धत), एसपी म्हणजे नेहमीची गती. व्हीसीआरमधून चित्राची पिवळी आणि आवाजाची लाल-पांढरी वायर थेट तुमच्या यंत्रात. यंत्र मदरबोर्डच्या मागच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये, मध्ये हब नाही, एक्स्टेंशन वायर नाही, वेबकॅम काढून ठेवलेला. विंडोज ११, १६ जीबी रॅम, एसएसडीवर ४०० जीबी जागा मोकळी. ७२० बाय ५७६ चे न दाबलेले (अनकम्प्रेस्ड) चित्र पालप्रमाणे सेकंदाला २५ फ्रेमने, म्हणजे २५ स्थिर चित्रांनी, घेतले तर साधारण २०.७ एमबी दर सेकंदाला, म्हणजे तासाला ७५ जीबीच्या आसपास लिहावे लागते. आजच्या कोणत्याही एसएसडीला हे ओझे नाही. कॅप्चर चालू असताना प्रोसेसर १५ टक्क्यांवर गेला नाही. तेव्हा रॅमचा विषय इथेच संपला असे समजतो.

आवाज आणि चित्र यांची फारकत

मुख्य तक्रार ही आहे. तासाभराच्या पाल रेकॉर्डिंगमध्ये बरोबर ९०,००० फ्रेम हव्यात. तुमच्या सॉफ्टवेअरने केलेल्या फाइलमध्ये ८९,९४४ आहेत. ५६ फ्रेम गेल्या, म्हणजे २.२४ सेकंद. आवाज मात्र पूर्ण ६० मिनिटांचा आहे. परिणाम असा की फाइलच्या शेवटाकडे अक्षता आधी पडतात आणि ‘सावधान’ नंतर ऐकू येते.

आपल्या दुसऱ्या उत्तरात ‘साउंड कार्डाच्या घड्याळातला फरक’ असे कारण दिले आहे. ते इथे लागू होत नाही आणि का नाही हे मोजून दाखवता येते. घड्याळात फरक असेल तर आवाज सरळ रेषेत सरकत जातो : पंधरा मिनिटांना जेवढा, तीस मिनिटांना त्याच्या दुप्पट. इथे पहिली दहा मिनिटे फरक शून्य. चौदाव्या मिनिटाला एकदम ०.३६ सेकंद, म्हणजे ९ फ्रेम. मग कितीतरी वेळ तेवढाच. एकतिसाव्या मिनिटाला १.२ सेकंद. ही पायऱ्यांची चाल आहे, उताराची नव्हे. आणि प्रत्येक पायरी तिथेच येते जिथे चित्रीकरण करणाऱ्याने कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला : सीमांतपूजन संपून वरात सुरू होते तिथे, मंगलाष्टकांच्या आधी, पंगतीच्या आधी. अशा जोडावर टेपवरचा सिंक, म्हणजे फ्रेम कुठे सुरू होते हे सांगणारी खूण, क्षणभर डळमळतो, यंत्राला फ्रेम धरता येत नाही आणि ती सुटते. व्हीएचएसच्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये असे जोड असणारच. जोड नसलेली कॅसेट फक्त दुकानात विकत मिळायची.

फ्रेम सुटणे एक वेळ समजू शकते. या किमतीच्या यंत्रात टाइम बेस करेक्टर (टेपवरची डळमळ सावरणारा भाग) नसतो हे मला माहीत आहे. पण सुटलेल्या फ्रेमच्या जागी आधीचीच फ्रेम पुन्हा ठेवून वेळ भरून काढणे हे सॉफ्टवेअरचे काम आहे, आणि तुमचे सॉफ्टवेअर ते करत नाही. याचा पुरावा तुमच्याच यंत्राने दिला. तीच कॅसेट, तेच यंत्र, तोच ड्रायव्हर, फक्त रेकॉर्डिंग व्हर्च्युअलडब या मोफत प्रोग्रॅमच्या कॅप्चर मोडमध्ये केले. तिथे सुटलेल्या फ्रेमचा आकडा ५३ आला, भर घातलेल्या फ्रेमचाही ५३, आणि तासाच्या शेवटी ‘सावधान’ आणि अक्षता एकत्र. मोफत मिळणारा प्रोग्रॅम जे करतो ते पैसे घेऊन दिलेल्या प्रोग्रॅमला जमत नाही. वर तुमच्या पडद्यावर सुटलेल्या फ्रेमचा आकडाच नाही. ग्राहकाला तासाभराने फाइल पाहताना कळते.

कॅसेट आणि व्हीसीआर निर्दोष असल्याची खात्री आणखी एका मार्गाने केली. तोच व्हीसीआर मिनी डीव्ही कॅमकॉर्डरच्या ॲनालॉग-इनला जोडून, तिथून फायरवायरने (कॅमकॉर्डर कॉम्प्युटरला जोडण्याच्या वायरने) कॉम्प्युटरवर घेतले. फ्रेम ९०,०००. सुटलेली एकही नाही.

पाल लिहिलेले, एनटीएससी चालणारे

खोक्यावर ‘पाल सपोर्ट’ असे ठळक छापले आहे. प्रत्यक्षात यंत्र काढून पुन्हा लावले की ड्रायव्हर प्रत्येक वेळी एनटीएससी-एम या अमेरिकेतल्या पद्धतीवर जातो. पालमध्ये ६२५ ओळी, सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) आणि ४.४३ मेगाहर्ट्झचा रंगवाहक, म्हणजे रंगाची माहिती नेणारी लहर. एनटीएससीत ५२५ ओळी आणि ३.५८ मेगाहर्ट्झ. त्यामुळे चित्र वरखाली फिरते किंवा कृष्णधवल दिसते. मदत पुस्तिकेत यावर उपाय म्हणून ‘ट्रॅकिंगचे (व्हीसीआरचे हेड टेपवरच्या पट्ट्याशी जुळवण्याचे) बटण फिरवा’ असे छापले आहे. ट्रॅकिंगचा याच्याशी काडीचा संबंध नाही. खरा उपाय व्हिडिओ डिकोडरच्या टॅबमध्ये पाल-बी निवडणे हा आहे, आणि तो टॅब तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. दुसऱ्या प्रोग्रॅममधून जाऊन बदलावा लागतो. भारतात विकायच्या मालात पाल हेच मूळ सेटिंग ठेवायला विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या नोंदीतला एक आकडा बदलावा लागतो. तेवढेही झालेले नाही.

५७६ ओळींचे सोंग

‘डीव्हीडी क्वालिटी पाल’ हा पर्याय निवडल्यावर फाइल ७२० बाय ५७६ ची दाखवते. पण आतले चित्र तेवढे नाही. बांगड्या भरलेला हात झपकन हलतो अशी एक फ्रेम थांबवून चौपट मोठी करून पाहावी. खऱ्या इंटरलेस चित्रात, म्हणजे दोन फील्डच्या ओळी एकाआड एक बसवलेल्या चित्रात, हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, प्रत्येक दात बरोबर एका ओळीचा. तुमच्या फाइलमध्ये दाते कुठे जाड, कुठे पुसट, आणि हाच नमुना दर सहा ओळींनी पुन्हा येतो. ५७६ ला ४८० ने भागले की ६:५ येते, त्याचाच हा शिक्का. म्हणजे सॉफ्टवेअर ५७६ ओळी आधी ४८० मध्ये कोंबते आणि मग ताणून पुन्हा ५७६ करते. हे इंटरलेस चित्रावर केले की दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. मीठ दुधात पडल्यासारखे. यानंतर फील्ड सुटे करणारे कोणतेही डिइंटरलेस फिल्टर, यॅडिफ असो वा क्यूटीजीएमसी, त्या ओळी वेगळ्या करू शकत नाही. या फाइल पुढे एडिटिंगला निरुपयोगी आहेत.

व्हर्च्युअलडबमधून घेतलेल्या चित्रात दाते एकेका ओळीचे, स्वच्छ. चिप चांगली आहे, हे मी मोकळेपणाने लिहितो. तिच्यावर बसवलेले सॉफ्टवेअर तिच्या लायकीचे नाही.

खोक्यावरच्या ‘फुल एचडी १०८०’ या शब्दांबद्दल वेगळे काय लिहू? व्हीएचएसची आडवी स्पष्टता २४० रेषांच्या आसपास असते. तिला १०८० चा सदरा घालून फक्त फाइल जड होते.

निळा पडदा

दुसऱ्या एका कॅसेटवर ४१ व्या मिनिटाला चित्र जाऊन निळा पडदा येतो आणि ‘सामग्री संरक्षित आहे’ अशी सूचना झळकते. घरच्या मुंजीला कोण नक्कलबंदी लावणार? नक्कलबंदीची खूण दोन फील्डमधल्या कोऱ्या ओळींत पाठवलेल्या जादा स्पंदांवरून ओळखली जाते. झिजलेल्या टेपवर त्याच ओळींत गोंगाट असतो, आणि तुमचा ड्रायव्हर त्या गोंगाटाला खूण समजतो. हा प्रकार व्हर्च्युअलडबमध्येही होतो, म्हणजे तो ड्रायव्हरमध्येच आहे, आणि ग्राहकाच्या हातात त्यावर काहीही उपाय नाही.

विंडोजची सुरक्षा बंद करण्याचा सल्ला

विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी (घातक ड्रायव्हरला अडवणारी सुरक्षा) चालू असेल तर तुमचा ड्रायव्हर चढतच नाही. आपले उत्तर : ती बंद करा. वर नोंदवलेल्या सगळ्या चाचण्या ती बंद ठेवूनच कराव्या लागल्या. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या गाभ्याचे कवच एका यूएसबी काडीसाठी उतरवून ठेवा, असे लेखी सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. सुसंगत ड्रायव्हर देणे हे तुमचे काम आहे.

एडिटिंगच्या भागाबद्दल थोडक्यात. सुरुवातीचा दोन मिनिटांचा कोरा निळा भाग कापला तरी सॉफ्टवेअर अख्खी फाइल नव्याने एन्कोड करते, म्हणजे चित्र पुन्हा दाबून लिहिते, दर वेळी चित्र आणखी मऊ होते. ७२० बाय ५७६ च्या फाइलवर ४:३ ची नोंद नसल्याने प्लेअर ती ५:४ मध्ये दाखवतो आणि माणसे सहा टक्क्यांनी बारीक दिसतात. काहींना आवडेलही, पण ते बरोबर नाही. आणि रेकॉर्डिंग फक्त एमपी४ मध्ये होते : फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्ये वीज गेली किंवा वायरला धक्का लागला की पूर्ण तासाची फाइल उघडत नाही. एव्हीआय किंवा एमकेव्हीचा पर्याय असता तर तोपर्यंतचा भाग तरी वाचवता आला असता.

या सगळ्यात घाई कशाची, असे आपल्याला वाटू शकते. दमट हवेत ठेवलेल्या कॅसेटवर बुरशी धरते. साफ केलेली अशी टेप दोन-चारदा नीट चालली तरी पुष्कळ. व्हीसीआर बनवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत टिकलेल्या फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे हेडही आता जुन्या यंत्रांतून काढूनच मिळते. तुमच्या सॉफ्टवेअरमुळे वाया गेलेला प्रत्येक प्रयत्न त्या टेपच्या आणि हेडच्या आयुष्यातून जातो.

माझ्या मागण्या :

मेमरी इंटिग्रिटी चालू असताना चढणारा, पाल हे मूळ सेटिंग असलेला आणि नक्कलबंदीची खोटी सूचना न देणारा ड्रायव्हर द्यावा. सॉफ्टवेअरमध्ये ७२० बाय ५७६ चे इंटरलेस चित्र ओळी न बदलता रेकॉर्ड करण्याची सोय, सुटलेल्या फ्रेम भरून काढण्याची व्यवस्था आणि त्यांचा आकडा पडद्यावर दाखवावा. हे एक महिन्यात होणार नसेल तर यंत्र परत घेऊन बिलावरची पूर्ण रक्कम, कुरिअरच्या खर्चासह, परत करावी. ‘पर्यायी मॉडेल’ किंवा सवलतीचे कूपन नको. दुरुस्ती होवो वा रक्कम परत मिळो, खोक्यावरचा व संकेतस्थळावरचा १०८० चा दावा काढावा.

यंत्र ऑनलाइन घेतलेले आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली माझ्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर दाद मागेन. आपल्या तंत्रज्ञांना काही विचारायचे असल्यास त्यांनी थेट लिहावे. मूळ कॅसेट मात्र तपासणीसाठी पाठवली जाणार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत :
बिलाची प्रत व खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो
आपल्या सॉफ्टवेअरमधून व व्हर्च्युअलडबमधून घेतलेले त्याच प्रसंगाचे दोन मिनिटांचे तुकडे
सुटलेल्या फ्रेमची मिनिटवार नोंद
निळ्या पडद्याचा स्क्रीनशॉट