झाकलं कशानं, ते आधी लिही

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या स्काउटिंगच्या कामात तुझ्या वाट्याला सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभे राहणारे, आले म्हणून तू हिरमुसलीस, हे फोनवर आवाजावरूनच कळलं. क्वार्टरबॅक (पास फेकणारे), रिसीव्हर (ते झेलणारे), कॉर्नर (रिसीव्हरला कडेला राखणारे) जुन्या लोकांनी आधीच उचलले असणार. उरली ती ४० सेफ्टींची यादी आणि 'शनिवारी निघतील असे पाच काढ' एवढी सूचना. शनिवार म्हणजे ड्राफ्टची, एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्याची, चौथी ते सातवी फेरी, शंभराव्या नावाच्या पुढचा सगळा माल. पण झाकलं माणिक हुडकायचं असेल तर याहून चांगली जागा मैदानावर नाही, कारण सेफ्टी टीव्हीवर दिसतच नाही. स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो तेव्हा, तो १२ यार्ड मागे, चौकटीबाहेर उभा असतो. कॅमेरा चेंडूमागे जातो आणि हा चित्रात शिरतो तेव्हा टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, झालेलं तरी असतं किंवा हुकलेलं तरी. त्याआधीचे दीड-दोन सेकंद, ज्यात त्याचं खरं काम होऊन गेलेलं असतं, ते फारसं कुणी पाहिलेलं नसतं.

तेव्हा बावीसही खेळाडू दिसतात ती कोच लोकांची फिल्मच बघ. हायलाइट्सना हात लावू नकोस, निदान मत बनेपर्यंत तरी.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक नावापुढे, इतर काहीही लिहिण्याआधी, एक ओळ लिही: हा मुलगा खाली का आहे? कॉलेज लहान म्हणून, ४० यार्ड धावण्याच्या चाचणीत हळू ठरला म्हणून, जागा बदलली म्हणून, दुखापत झाली म्हणून, की चुकीच्या जागी खेळवला म्हणून? कारण सापडलंच नाही तर तो झाकलेला नाही, नुसता बेताचा आहे. आणि कारण सापडलं तर पुढचा प्रश्न असा, की ते एनएफएलमध्ये गेल्यावर उरतं का? काही कारणं कॉलेजातच गळून पडतात, काही आयुष्यभर चिकटतात. तुझं सगळं काम या दोन ढिगांत नावं टाकण्याचं आहे.

सगळ्यात भरघोस ढीग कॉलेजात कॉर्नर खेळलेल्या मुलांचा. कॉर्नर म्हणून अर्धं पाऊल कमी पडतात, म्हणून खाली घसरतात. पण त्यांना माणसाला चिकटून पळायची सवय असते, कंबर मोकळी असते, चेंडूकडे वळून बघता येतं. सेफ्टीला जे शिकवायला दोन वर्षं लागतात ते यांच्याकडे आयतं असतं. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये आयोवाचा मायका हाइड १५९ वा निवडला गेला आणि ओरेगन स्टेटचा जॉर्डन पॉयर २१८ वा. दोघेही कॉलेजात कॉर्नर. पॉयरला पहिल्या संघाने पहिल्याच हंगामात सोडून दिलं. २०१७ मध्ये दोघे बफेलोत एकत्र आले आणि पुढची काही वर्षं ती लीगमधली एक उत्तम सेफ्टी जोडी होती. २०२१ मध्ये पॉयर ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, पहिल्या संघात. कॅलिफोर्नियाचा कॅमरिन बायनम हाही कॉर्नर, २०२१ मध्ये १२५ वा. तुझ्या यादीत असे नक्की असतील. कदाचित कॉर्नरच्या यादीतही, म्हणून ती यादीही मागून घे. कॉर्नर बघणाऱ्याने 'वेग कमी' असा शेरा मारून ज्यांना बाजूला टाकलंय, ती नावं तुझी.

उलट्या दिशेनेही माणसं येतात. पॅट टिलमन ॲरिझोना स्टेटला लाइनबॅकर (सेफ्टीच्या पुढच्या बचावफळीतला) होता, १९९८ मध्ये सातव्या फेरीत २२६ वा गेला आणि सेफ्टी म्हणून खेळला. पण अशांच्या बाबतीत हात आखडता ठेव. मागे वळून पळणं जमतं का, हे लाइनबॅकरच्या फिल्ममध्ये दिसायला जागाच नसते.

लहान कॉलेज हे कारण सहसा गळून पडतं, पण तपासून. मिडल टेनेसीच्या केव्हिन बायर्डने कॉलेजात १९ इंटरसेप्शन केले, म्हणजे समोरच्यांचे पास पकडले, तरी त्याला कम्बाइनचं, म्हणजे ड्राफ्टआधीच्या एकत्रित चाचण्यांचं, बोलावणंच नव्हतं. २०१६ मध्ये ६४ वा गेला आणि दुसऱ्याच हंगामात ८ इंटरसेप्शन घेऊन लीगमध्ये आघाडीवर होता. हॉवर्ड विद्यापीठाचा आंत्वान बेथिया २००६ मध्ये २०७ वा, आणि त्याच हंगामात कोल्ट्सच्या सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकणाऱ्या संघात सुरुवातीपासून खेळणारा. अशा मुलाची फिल्म उघडताना आधी सप्टेंबरचे सामने काढ. लहान कॉलेजं तेव्हा मोठ्यांच्या मैदानावर पैशासाठी मार खायला जातात. निकाल ५०-३ असेना का, तू फक्त पहिला अर्धा बघ, स्कोअर हाताबाहेर जायच्या आधीचा. तिथे त्याची पावलं एरवीसारखीच पडतात का, की समोरचा वेग बघून तो दोन यार्ड जास्त मागे उभा राहतो? मागे सरकणं ही भीतीची पहिली खूण.

वेगाबद्दल लोक उगाच भांडतात. सेफ्टी सरळ ४० यार्ड क्वचितच पळतो. पहिल्या १० यार्डांची वेळ जास्त सांगते. १.५५ सेकंदांच्या आत असेल तर ४० चा आकडा थोडा जड असला तरी चालतं. पण त्याला कुठे उभा करणार, यावर सगळं अवलंबून. सिअॅटलने २०१० मध्ये १४ व्या क्रमांकावर अर्ल थॉमस घेतला आणि त्याच ड्राफ्टमध्ये १३३ वा कॅम चॅन्सलर. थॉमस एकटा मधलं सगळं आकाश राखायचा, म्हणून चॅन्सलरला पुढे, लाइनबॅकरांच्या जवळ ठेवता आलं आणि त्याचं धिप्पाड अंग कामी आलं. तोच चॅन्सलर दुसऱ्या एखाद्या संघात खोल मधोमध उभा केला असता तर त्याच्या नावापुढे 'हळू' एवढंच उरलं असतं. म्हणून 'वेग कमी' लिहून थांबू नकोस. 'एकट्याने खोल नको. दोघांत किंवा पुढे चालेल' असं लिही. प्रो डेची, म्हणजे कॉलेजातच घेतलेल्या चाचणीची, वेळ मात्र जशीच्या तशी घेऊ नकोस. हातातल्या घड्याळाची असते, थोडी उदार असते.

आता फिल्म. समज, चेंडू डाव्या हॅशवर (मैदानावर आखलेल्या खुणांच्या रांगेवर), दुसरा डाउन (म्हणजे दुसरा प्रयत्न), अजून ७ यार्ड हवे आहेत. बचाव क्वार्टर्समध्ये, म्हणजे मागची जागा चौघांत वाटलेली, दोन्ही सेफ्टी मागे. तुझा मुलगा रुंद बाजूला, ११ यार्डांवर. त्याची नजर बाहेरून दुसऱ्या रिसीव्हरवर हवी. स्नॅप होतो, क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) पोटाशी नेतो. इथे फिल्म थांबव आणि नुसते पाय बघ. शहाणा सेफ्टी चवड्यांवर राहतो, जागच्या जागी पाय हलवतो, दुसऱ्या रिसीव्हरने काय ठरवलंय ते कळेपर्यंत वजन कुठेच टाकत नाही. कच्चा मुलगा पोटाशी गेलेला चेंडू बघून दोन पावलं पुढे येतो, आणि तेवढ्यात आतला रिसीव्हर त्याच्या खांद्यामागून निसटतो.

पण लगेच फुली मारू नकोस. कॉलेजात पास असला तरी लाइनमनला, म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या रांगेतल्यांना, ३ यार्ड पुढे जायची मुभा असते, एनएफएलमध्ये १ च यार्ड. म्हणजे कॉलेजच्या सेफ्टीला गार्ड, म्हणजे त्याच रांगेतला एक, पुढे येताना दिसतो आणि 'रन' असं वाटणं वाजवीच असतं. पुढच्या पातळीवर ती फसवणूक निम्मी होते. तेव्हा तो फसला का, यापेक्षा फसल्यावर काय केलं ते बघ. कंबर एका झटक्यात वळली, की आधी मागे-मागे पावलं टाकत अर्धं वर्तुळ काढलं? आणि सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये तोच डाव पुन्हा आला तेव्हा तो तसाच पुढे धावला का? एकच डाव दोनदा शोधायला अर्धा तास जातो. घालव.

हॅशचं गणितही डोक्यात ठेव, कारण इथे फार जण घसरतात. मैदान दोन्हीकडे १६० फूटच रुंद, पण कॉलेजात दोन हॅशमध्ये ४० फुटांचं अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचं. कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की पलीकडची कड १०० फूट लांब, म्हणजे ३३ यार्ड; एनएफएलमध्ये तीच जेमतेम ३० यार्ड. म्हणून रुंद बाजूला खेळणारा मुलगा कडेच्या उंच चेंडूवर अर्धं पाऊल उशिरा पोचत असेल, तर पुढे तो वेळेवर पोचण्याची शक्यता बरीच. उलट अरुंद बाजूच्या सेफ्टीला कॉलेजात २० यार्डच राखायचे असतात. तो दणकट, चपळ, सगळीकडे असल्यासारखा वाटतो, कारण 'सगळीकडे' ही जागाच लहान असते. त्याला मोकळ्यात पळताना दाखवणारे पाच-सहा डाव तरी सापडल्याशिवाय नाव वर चढवू नकोस.

टॅकल मोजताना हुकलेली टॅकल भागिले झालेली अधिक हुकलेली, एवढं सोपं गणित. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १५ च्या पुढे गेलं तर का हुकली, ते एकेक करून बघ. कोन चुकला असेल, म्हणजे धावणारा जिथे आहे तिथे धाव घेतली, जिथे जाणार तिथे नाही, तर ते शिकवता येतं. लाँग-ऑनवरचा नवखा फील्डर चेंडूखाली धावतो आणि चेंडू डोक्यावरून जातो, तसंच ते. पाय फार लवकर थांबले असतील, तेही सुधारतं. शेवटच्या तीन यार्डांत पावलं आखूड करायची असतात, बंद नाही. पण हात न वापरता नुसता खांदा मारून माणूस पाडायची सवय असेल तर जपून. कॉलेजात असे मुलगे हायलाइट्समध्ये चमकतात, डोकं खाली घालून घुसतात आणि टार्गेटिंगच्या, म्हणजे डोक्याच्या धोकादायक धडकेच्या, नियमाखाली मैदानाबाहेर काढले जातात. एनएफएलचे रनिंग बॅक खांदा खाऊन पुढे निघून जातात.

इंटरसेप्शनची बेरीज कोणीही सांगेल. तू त्यांची प्रतवारी लाव. दुसऱ्याच्या हाताला लागून उडालेला चेंडू, क्वार्टरबॅकने लांब फेकलेला चेंडू, हे झेल बाजूला काढ. उरलेले, ज्यात चेंडू हातातून सुटायच्या आधी सेफ्टी निघालेला दिसतो, तेच त्याचे स्वतःचे. सहातले दोनच उरले तरी दचकू नकोस. खेचाखेचीही मोज. कॉलेजात पास इंटरफिअरन्सला, म्हणजे झेलणाऱ्याला अडवण्याच्या फाउलला, जास्तीत जास्त १५ यार्ड जातात, म्हणून काही जण हरल्यावर सरळ जर्सी धरतात आणि स्वस्तात सुटतात. एनएफएलमध्ये चेंडू जिथे फाउल झाला तिथे ठेवतात. ४० यार्ड गेलेच म्हणून समज.

शनिवारी घेतलेल्या सेफ्टीला पोट भरायला स्पेशल टीम, म्हणजे चेंडू लाथेने मारायच्या डावांतले संघ, लागतात. ५३ जणांच्या संघात चौथा सेफ्टी केवळ बाकावर बसायला कोणी ठेवत नाही. पंट अडवणं, पंटरच्या पुढे उभं राहणं, किकऑफला पळणं, यातलं त्याने कॉलेजात काय केलंय ते लिही. २०२४ पासून किकऑफ बदललाय. कव्हरेजचे, म्हणजे चेंडू मारणाऱ्या संघाचे, १० जण समोरच्यांच्या ४० यार्ड रेषेवर उभे राहतात आणि चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत हलत नाहीत. लांबवर सुसाट पळणाऱ्यापेक्षा थोड्या जागेत अंगावरचा ब्लॉक सोडवणारा तिथे जास्त कामाचा. आयोवाचा जीनो स्टोन २०२० मध्ये २१९ वा गेला. त्याचे ७ इंटरसेप्शन आले चौथ्या हंगामात, २०२३ ला. तोवर कुठल्या ना कुठल्या कामासाठी संघात राहावं लागतं.

दुखापतीवर तू डॉक्टर होऊ नकोस. किती सामने हुकले आणि परतल्यावर पहिल्या सामन्यात टॅकलला कचरला का, एवढंच लिही. तालानोआ हुफांगाचं कॉलेजात गळपट्टीचं हाड मोडलं होतं. २०२० मध्ये तो पॅक-१२ या कॉलेज गटाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, तरी २०२१ ला १८० वा गेला आणि २०२२ मध्ये ऑल-प्रो झाला.

उंची, वजन, हाताची लांबी सगळ्यांना एकाच तक्त्यात मिळते. त्यावर वेळ घालवू नकोस. प्रत्येकाचे चार सामने, त्यात एक हरलेला आणि एक पावसातला किंवा थंडीतला, एवढे पुरे. पाच नावं देशील तेव्हा सहावं खिशात ठेव. सातवी फेरी संपली की निवड न झालेल्या मुलांना फोन लागायला लागतात, आणि त्या तासाभरात कोणी तरी तुझ्या टेबलापाशी येऊन 'अजून एखादा सेफ्टी?' असं विचारेलच. बायर्डच्याच कॉलेजचा रीड ब्लँकनशिप २०२२ मध्ये तसाच आला होता, सात फेऱ्यांत कोणीच न घेतलेला. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाच्या बचावात तो पहिल्या स्नॅपपासून उभा होता.

तुझा,
बाबा