पागोळ्या

ऑटावा,
मार्चचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. सांगलीत ऊन तापू लागले आहे, शिजवलेल्या हळदीचा वास वाऱ्याबरोबर घरापर्यंत येतो आहे आणि आई तासगावहून आलेले बेदाणे निवडत बसली आहे, हे मी दोनदा वाचले. रियाज चालू आहे का आणि तंबोरा कसा आहे, असे तुम्ही विचारले आहे. हे दोन्ही प्रश्न इथे एकमेकांत इतके गुंतले आहेत की जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या हिवाळ्यात मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. बाहेर उणे 25 अंश आणि आत रात्रंदिवस हीटर, त्यामुळे खोलीतल्या हवेत ओल म्हणून उरत नाही. बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षाचे जे होते तेच इथे लाकडाचे होते. जानेवारीतल्या एका सकाळी गवसणी काढली, तर भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यावर केसाएवढी भेग दिसली. खुंट्या आक्रसून सैल झाल्या होत्या आणि पिळून सोडल्या की आपोआप मागे फिरत होत्या. आपल्याकडे आषाढात याच खुंट्या फुगून इतक्या घट्ट बसत की त्या हलवायला मला तुम्हाला हाक मारावी लागे. 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, तेव्हा तुम्ही कपाटातल्या कागदपत्रांच्याही आधी माळ्यावर चढवलात तो हा तंबोरा, आणि पाण्यातून वाचवलेले ते वाद्य मी कोरड्या हवेने घालवते आहे, या विचाराने त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

शेवटी धीर करून मिरजेच्या आपल्या कारागिरांना फोटो पाठवला. ते रागावले नाहीत. तारा उतरवून ठेवा, हीटरपासून दूर आतल्या भिंतीला उभा करा, खोलीत चाळीस-पन्नास टक्के ओल राखा आणि भेगेला हात लावू नका, एवढेच त्यांनी सांगितले. मी हवेत वाफ सोडणारे यंत्र आणले आणि ओल मोजणारे लहानसे घड्याळ भिंतीवर लावले. पहिल्या दिवशी त्यावर 18 टक्के दिसले. भेग तेवढीच राहिली, पुढे सरकली नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे कात्रण तुम्ही पाठवले होते, तेव्हा मला फक्त अभिमान वाटला होता. पण पंढरपूरकडच्या शेतात वाढलेला भोपळा आणि मिरजेच्या हवेत मुरलेले लाकूड आपली भूमी सोबत घेऊनच निघतात, हे त्या हिवाळ्यात मी हाताने चाचपून पाहिले आहे.

आता रियाजाविषयी. ऋतूचा राग त्या ऋतूत कोणत्याही प्रहरी गाता येतो, असे बाईंनी शिकवले होते. पण ऋतू कुठला धरायचा, सांगलीचा की खिडकीबाहेरचा, हा प्रश्न त्या वर्गात कधी निघालाच नव्हता. पहिल्या वर्षी मी पंचांग धरून चालले. जुलैत इथे वळवासारख्या सरी येतात, वीजही कडाडते, म्हणून आषाढ समजून मल्हार घेतला. सूर लागत होते, बंदिश पाठ होती, तरीही गाणे कोरडेच राहिले. त्याचे कारण मला बऱ्याच महिन्यांनी उमगले. इथे पाऊस वर्षभर अधूनमधून पडतो, त्याची कोणी वाट पाहत नाही. आपल्याकडे वैशाखात जमीन भेगाळते, विहिरीचा तळ दिसू लागतो, रानातले माणूस दिवसातून दहा वेळा आभाळाकडे मान वर करते, आणि त्यानंतर जो थेंब पडतो त्याचा मल्हार होतो. ती वाट पाहणे जिथे नाही तिथे नुसत्या सरीवर मल्हार उभा राहत नाही, असे माझे मत झाले आहे. इथली माणसे अशी वाट पाहतात ती हिवाळ्यात.

गेल्या मंगळवारी मी बसंत गायच्या तयारीने बसले होते, कारण फाल्गुन चालू आहे. बाहेर अजून गुडघाभर बर्फ, पण ऊन प्रथमच उबदार होते. तंबोरा जुळवायला घेतला, तर चार महिन्यांत पहिल्यांदा खुंटीला खडू लावावा लागला नाही. पिळली तिथेच ती थांबली. भिंतीवरच्या घड्याळात 41 टक्के ओल होती. तेवढ्यात खिडकीशी टप् असा आवाज झाला, मग आणखी एक, आणि दुपारपर्यंत छपराच्या कडेने वितळणाऱ्या बर्फाच्या धारा ओळीने लागल्या. बाबा, त्या हुबेहूब आपल्या जुन्या घराच्या कौलांवरच्या पागोळ्या होत्या. माझ्या तोंडून बसंत निघालाच नाही. मी मंद्रात उतरले आणि मियाँ मल्हारातले ते दोन निषाद एकमेकांना बिलगून असे आले, जसे या घरात पूर्वी कधीच आले नव्हते. गंधाराचे आंदोलनही न ओढता, स्वतःच्या वजनाने झुलले. दीड तास मी डोळे उघडले नाहीत.

मार्चमध्ये, बर्फावर नजर ठेवून मल्हार गाणे शास्त्राला धरून आहे का, हे बाईंना विचारायचे धाडस मला होत नाही. तुम्ही त्यांच्याकडे पाडव्याला जाल, तेव्हा माझा नमस्कार सांगून हळूच विषय काढावा आणि त्या जे म्हणतील ते जसेच्या तसे मला कळवावे. त्यांनी नको म्हटले, तर मी बसंतच घेईन.

एक काम आहे. दादा मे महिन्यात इकडे येईल तेव्हा त्याच्याबरोबर मिरजेहून जवारीचे, तारेखाली घोडीवर सरकवायचे सूत पाठवा. इथले शिवणाचे सूत जाड पडते, खर्जाची तार त्यावर बोलत नाही.

आईला नमस्कार.

तुमची,
ताई