वेचणीला आलेल्या बायकांची नोंद कोणत्या गावात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेळघाटातल्या कुपोषणाचा आणि बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ मध्ये राज्यभर गाजला. तेव्हापासून धारणी-चिखलदऱ्याच्या बातम्या येतात, दौरे होतात, योजना निघतात. पण दिवाळी झाली की तिथली कितीतरी कोरकू कुटुंबं कामासाठी खाली उतरतात आणि होळीलाच घरी परततात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी संत्र्याच्या बागेत, कुणी आमच्याकडे कापूस वेचायला येतं. या मधल्या महिन्यांत त्या बायका-लेकरांच्या तब्येतीकडे पाहायचं कुणी? मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातला शेतकरी आहे. वेचणीची कुटुंबं माझ्या शेतावरच्या खोपडीत राहतात, म्हणून हे लिहितो.

गेल्या हंगामात त्यांच्यातल्या एका गरोदर मुलीला घेऊन आम्ही जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. केस पेपर निघाला, डॉक्टरांनी तपासलंही. नोंदणीची वेळ आली तेव्हा मात्र खिडकीवरून उत्तर आलं, "हिची नोंद इथं नाई होत, तुमच्या गावच्या सिस्टरकडे जा." तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडे सासूजवळ राहिलेलं. आधीच्या तपासण्यांत काय निघालं, रक्त किती भरलं होतं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रिपोर्ट आला की नाही, यातलं काहीच कुणाला सांगता येईना. त्या मुलीला हिंदी जेमतेम समजते, मराठी त्याहून कमी. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती मान डोलावत होती आणि समोरचा माणूस ते कागदावर उतरवत होता. चक्कर येते का, अंगावर सूज आहे का, या प्रश्नांना अशी मिळालेली उत्तरं कुणाच्या उपयोगाची?

तिथल्या एका नर्सबाईंचा उल्लेख केला पाहिजे. त्यांनी बाहेर येऊन तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते बोटांवर मोजून दाखवलं आणि आपला मोबाइल नंबर दिला. माणसं वाईट नाहीत. आशाताईंकडे गावातल्या घरांची यादी असते आणि त्यांचं सगळं काम त्या यादीवर चालतं. धुऱ्यावरची खोपडी कोणत्याच यादीत नसते. मेळघाटातल्या आशाताईंच्या वहीत ही मुलगी 'बाहेरगावी' असते आणि आमच्या गावच्या वहीत तिचं नावच नसतं.

पैशाचा अडसर सरकारने कागदावर तरी दूर केला आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, नेण्या-आणण्याची गाडी, सगळं मोफत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत झाले. गरोदर बाई कुठल्या गावची आहे, यावर तिचा हक्क ठरत नाही. छत्तीसगडहून भट्टीवर आलेल्या बाईलाही तो तेवढाच आहे.

बुडतो तो दिवसाचा रोज. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, काटा संध्याकाळी होतो. सकाळच्या ओपीडीला जायचं तर तिचा दिवस गेला आणि सोबत येणाऱ्या नवऱ्याचाही. म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. कधी बाळंतपणही खोपडीतच होतं. मग बाळाला जन्मल्याबरोबरची बीसीजीची लस मिळत नाही, २१ दिवसांत करायची जन्मनोंद राहून जाते, आणि होळीला ते लेकरू घरी जातं ते कुठल्याच कागदाशिवाय.

हे जमण्यासारखं नाही असं कुणी म्हणत असेल तर पोलिओचं उदाहरण समोर आहे. पोलिओच्या मोहिमेत भट्ट्या, पालं, बांधकामाच्या जागा शोधून तिथल्या लेकरांना डोस पाजला जातो. म्हणजे माणसं कुठे उतरतात हे आरोग्य खात्याला ठाऊक आहे. क्षयरोग्याचा उपचारही 'निक्षय' या सरकारी नोंदणीच्या क्रमांकावरून दुसऱ्या जिल्ह्यात पुढे चालू ठेवता येतो. मग गरोदर बाईलाच नोंदीसाठी डोंगर चढून परत का पाठवायचं?

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने दिवाळी ते होळी एवढ्या काळासाठी शेतावरच्या खोपड्या आणि भट्ट्या जवळच्या आशाताईंच्या यादीत घालाव्यात, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना द्यावा. फुकटात आणखी एक ओझं नको. कार्ड गावाकडे राहिलं असेल तर तिथल्या आशाताईंनी फोनवर पाठवलेला फोटो ग्राह्य धरावा. आठवड्यातून एकदा तरी काटा झाल्यावर, संध्याकाळी, तपासणी ठेवावी. मेळघाटातली कोरकू बोलणारी आशाताई फोनवर जोडून देता आली तर निम्मं काम तिथेच होईल.

आम्हा शेतकऱ्यांचंही यात काम आहे. मुकादमाकडून माणसं आणताना जोड्या किती एवढंच आपण विचारतो. त्यात गरोदर कोण, तान्हं लेकरू कुणाचं, हे विचारून ग्रामपंचायतीत कळवायला एक फोन लागतो. पीक आपलं, ते घरात आणणारी माणसंही तेवढ्या दिवसांपुरती आपलीच. आपल्या बुलडाणा-यवतमाळची कुटुंबं ऊसतोडीला जातात, गडचिरोलीच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांनाही तिथल्या खिडकीवर हेच ऐकावं लागत असेल.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की वेचणीला माणसं येऊ लागतील. त्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी शेतकरी, भट्टीमालक आणि आशाताईंची एक बैठक बोलवावी. माझ्या शेतावर येणाऱ्या कुटुंबांची यादी मी सोबत आणीन.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती