देवचाराची कॅसेट वाचवण्यासाठी वाचनालयाचे आवाहन

ग्रामस्थांना आणि कामाधंद्यासाठी बाहेर गेलेल्या आपल्या लोकांना सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, जुन्या दिवाळी अंकांच्या मागे, एक व्हीएचएस कॅसेट आहे. नव्वदच्या दशकात आपल्याच वाड्यावरच्या पोरांनी काढलेला देवचाराचा, म्हणजे गावच्या राखणदार भुताचा, सिनेमा तिच्यात आहे. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून तीन रात्रींसाठी मागून आणलेला, दिवे जत्रेतल्या नाटकाचे आणि रक्त म्हणून भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, आगळ. यंदा पाऊस सरल्यावर कपाट उघडलं, तर कॅसेटच्या काचेतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली.

छप्पर गळतंय, पुस्तकांना वाळवी लागलीय आणि तुम्ही भुताच्या सिनेमासाठी वर्गणी मागता? हा प्रश्न सर्वसाधारण सभेत एका सभासदांनी विचारलाच. रास्त आहे. उत्तरासाठी थोडं लांब, अमेरिकेतल्या पिट्सबर्गपर्यंत जावं लागेल.

तिथे जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा उठून चालणाऱ्या प्रेतांचा सिनेमा काढला. सुरुवातीला दहा जणांनी प्रत्येकी 600 डॉलर घातले. पुढे जमवत जमवत खर्च 1,14,000 डॉलरच्या आसपास गेला. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लरच. पाडायला काढलेलं एक शेतघर भाड्याने घेतलं, चित्रण कृष्णधवल केलं आणि रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप वापरलं. (आपला आगळ रंगीत कॅमेऱ्यात चक्क जांभळा दिसतो, हे इथेच कबूल करतो.)

सिनेमा 1 ऑक्टोबर 1968 ला लागला. 'व्हरायटी' या तिथल्या सिनेमाविषयक नियतकालिकाने त्याला झोडपून काढलं. रॉजर एबर्ट या समीक्षकाने जानेवारी 1969 मध्ये जे लिहिलं, त्यात सिनेमापेक्षा प्रेक्षकच जास्त आहेत. दुपारचा खेळ, थिएटरात सगळी पोरंच. आधी मजेत ओरडणारी ती पोरं हळूहळू गप्प होत गेली आणि एक लहान मुलगी जागेवरच रडत बसली. वयाप्रमाणे प्रमाणपत्र देण्याची पद्धत तिथे 1 नोव्हेंबर 1968 ला सुरू झाली. हा सिनेमा त्याच्या महिनाभर आधीचा.

त्याचा नायक ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट. रात्रभर प्रेतांशी झुंजून सकाळी तोच एकटा जिवंत उरतो आणि बंदुका घेऊन आलेली माणसं त्याला प्रेत समजून गोळी घालतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. हे दोन्ही जोडून पाहणारे समीक्षक पुढे येत गेले. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो दाखवला.

आता मुद्द्याचं. वितरकाने आयत्या वेळी सिनेमाचं नाव बदललं. स्वामित्वहक्काची ओळ जुन्या नावाच्या पाटीवर होती, नव्या पाटीवर ती घालायची राहिली आणि तेव्हाच्या कायद्याने हक्कच बुडाला. करणाऱ्यांचं नुकसान झालं. सिनेमा मात्र मोकाट सुटला: मध्यरात्रीचे खेळ, टीव्ही, कॅसेटी, ज्याला हवी त्याने प्रत काढली. 1999 मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला आणि 2016 मध्ये त्याच म्युझियमने मूळ निगेटिव्हवरून नीट केलेली प्रत दाखवली. पहिला प्रसंग जिथे घेतला, त्या इव्हान्स सिटीच्या दफनभूमीतलं पडायला आलेलं प्रार्थनाघरसुद्धा चाहत्यांनी पैसे जमवून दुरुस्त केलं.

आपल्या सिनेमाची प्रत एकच.

त्याचंही कौतुक फारसं झालं नव्हतं. एका दैनिकात चार ओळी आल्या, त्यातल्या तीन अध्यक्षांच्या भाषणावर. राखणदाराची थट्टा केली म्हणून दोन वडीलधाऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला लावलं. पण वीज गेली की आजही वाड्यावर कुणीतरी म्हणतंच, ''कंदील मालव गो, तो बघता!'' ते वाक्य या सिनेमातलं आहे आणि म्हणणाऱ्या निम्म्या पोरांनी सिनेमा पाहिलेलाच नाही. देवचार झालेले गृहस्थ सध्या आपल्या कार्यकारिणीवर आहेत. पुस्तक बदलायला त्यांच्यासमोर उभं राहायला पोरं अजून कचरतात.

बुरशी साफ करून टेप डिजिटल करून घेणं घरगुती काम नाही. प्लेअरही आता नवा मिळत नाही. बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतला कुणाकडे असेल तर उसना द्यावा. पिट्सबर्गच्या त्या दहा जणांच्या आकड्यावरून आम्ही घरटी 600 रुपये ठरवले आहेत. डॉलर नव्हे! कमी दिलेत तरी पावती मिळेल, जास्तीचे छपराला जातील. काम झालं की जत्रेच्या आदल्या रात्री वाचनालयाच्या अंगणात दोन्ही सिनेमे दाखवू. अमेरिकेतल्या सिनेमाचे संवाद मराठीत करायला इंग्रजी बरं असलेली दोन-तीन पोरं हवीत. लहान मुलांना नऊनंतर घरी न्यावं, एबर्टचं एवढं आम्ही ऐकणार आहोत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माळे तपासा. त्या काळी पाच-सहा कॅसेटी भरून दिल्या होत्या असं कॅमेरावाल्यांना आठवतं. वर लग्नाचं किंवा मुंजीचं नाव असेल, तरी टाकून देऊ नका. आणि सापडली की प्लेअरमध्ये घालून बघण्याचा मोह आवरा. बुरशी असली तर टेप तिथेच अडकून तुटते आणि प्लेअरही बिघडतो. उन्हात न वाळवता, कागदी पिशवीत घालून, संध्याकाळी 4 ते 7 मध्ये काउंटरवर आणून द्या.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ